निरंकचा शिक्का

९ फेब्रुवारी, मंगळवार

साहेब,

जे असेल ते लेखी कळवा, असं तुमच्या सहायकाने मला फोनवर सांगितलं. मी चार वेळा फोन केला आणि चारही वेळा तुम्ही मीटिंगमध्ये होतात. इतक्या मीटिंगांना बसून माणसाच्या बुडाला घट्टे कसे पडत नाहीत, याचा एकदा शोध लावायला हवा. तर घ्या लेखी.

अहोजाहो इथपर्यंतच. तुझा हात धरून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली तेव्हा मी तुला साहेब म्हणत नव्हते. तीन वर्षं आपण बोललेलो नाही, आणि आजही बोलण्यासाठी लिहीत नाही. कामाचं आहे.

आमच्या केंद्रामागच्या गल्लीत घटसर्प आलाय. घशात करडा पडदा, खरवडायला गेलं की रक्त, मान सुजून खांद्यात गेलेली. शिंपिणीची थोरली मुलगी, नऊ वर्षांची, एकतीस जानेवारीला गेली. आमच्याकडे आणली तेव्हाच उशीर झाला होता. गल्लीतल्या आणखी दोन पोरांचे घसे धरलेत. त्यांना पेनिसिलिन दिलंय आणि ती सध्या बरी आहेत.

मला दोन गोष्टी हव्यात. घशातला नमुना ज्यात घालून पाठवतात त्या औषधी नळ्या, आणि घटसर्पाचं सिरम. नळ्या मागच्या पावसाळ्यापासून संपल्यात. सिरम तुझ्याच आवारातल्या भांडारात आहे. तुझ्या खिडकीतून त्याचं हिरवं दार दिसतं, हे मला माहीत आहे, कारण तीन वर्षांपूर्वी त्याच खिडकीशी उभी राहून मी तुझी बोलणी खाल्ली होती.

ते प्रकरण तू विसरला असशील म्हणून आठवण करून देते. मी एका पोराच्या नावापुढे 'संशयित घटसर्प' लिहिलं. पाच गाड्या भरून तुमची माणसं आली. नमुना उन्हात जीपच्या टपावर ठेवून नेला, तो वाळून पापड झाला, आणि अहवाल आला 'नकारात्मक'. मग 'अनावश्यक घबराट पसरवल्याबद्दल' मला कारणे दाखवा नोटीस. खाली सही सख्ख्या भावाची. ती नोटीस आणि तो अहवाल अजून माझ्या खणात आहे.

असो. नळ्या आणि सिरम.

आपली आज्ञाधारक (हे छापीलच आहे, मनावर घेऊ नकोस),
परिचारिका


१२ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेब,

तुझ्याकडून टपालाची जाड थैली आली. जीपच्या ड्रायव्हरने ती दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. मला वाटलं, आला बिचारा जागेवर, नळ्या पाठवल्या. उघडून पाहते तर चौकटीत बसवलेलं प्रशस्तिपत्र. 'सलग शंभर आठवडे निरंक अहवाल सादर केल्याबद्दल उत्कृष्ट केंद्र.' सोनेरी किनार, खाली तुझी सही. फ्रीजचं दार नीट लागत नाही, त्याला ते टेकवून ठेवलंय. निदान काहीतरी बंद राहतं त्याने.

आज शुक्रवार, म्हणजे तुझा तक्ता भरायचा वार. तू तिथे बसून डोंगर, बेटं, वाळवंट, खाडी आणि आम्ही, अशा सगळ्यांसाठी एकच तक्ता काढलास आणि त्यावर भाषणं ठोकत फिरतोस. एक्केचाळीस ओळी. हिमदंशाचे रुग्ण किती? समुद्री माशांची विषबाधा किती? उंट चावल्याचे किती? अरे, इथे बर्फ फक्त लसीच्या डब्यात असतो आणि उंट पोरांच्या पुस्तकात. पण रकाना रिकामा ठेवला तर तुझं ते यंत्र तक्ता परत पाठवतं. म्हणून दर शुक्रवारी मी एकाखाली एक 'निरंक' लिहीत बसायची. हात दुखायला लागला, तेव्हा स्टेशनरीच्या दुकानातून 'निरंक' असा रबरी शिक्का करून आणला. दोन मिनिटांत एक्केचाळीस ओळी. तुझे तपासनीस आले, त्यांनी तो शिक्का हातात घेऊन उलटसुलट पाहिला, एकाने तळहातावर उमटवूनही बघितला. पुढच्या महिन्यात सगळ्या केंद्रांना तसाच शिक्का वाटला गेला. कल्पना कुणाची, याचा उल्लेख परिपत्रकात निरंक होता.

आता गंमत बघ. ओळ सतरा, 'घसादुखी'. ओळ अठरा, 'घटसर्प, प्रयोगशाळेने खात्री केलेला'. मधे काही नाही. खात्री करायला नळी लागते, नळी नाही, म्हणून खात्री नाही, म्हणून घटसर्प नाही, म्हणून सिरम नाही. 'संशयित' हा शब्द माझ्या त्या प्रकरणानंतर तूच तक्त्यातून काढून टाकलास ना? शंका घ्यायचीच सोय ठेवली नाहीस. मानलं पाहिजे तुला.

तुझ्या सहायकाने प्रशस्तिपत्राबरोबर चिठ्ठीही जोडलीय, की नळ्यांची मागणी पुढच्या तिमाहीच्या नियोजनात विचारार्थ ठेवली आहे. तिमाही! गल्लीतल्या घशांना मी तसं कळवलंय.

परिचारिका, उत्कृष्ट केंद्र


१६ फेब्रुवारी, मंगळवार, दुपारी एक

आज टोमणे नाहीत. नीट वाच.

शिंपिणीची धाकटी, सहा वर्षांची. कालपासून ताप. आज सकाळी घसा पाहिला, डाव्या बाजूला पडदा आहे. आवाज बसलाय.

आमच्याकडचे डॉक्टर मंगळवारचे. बाकीच्या दिवसांत ती जागा रिक्त आहे, तीन वर्षं. त्यांनी दोन पावलांवरूनच घशात बॅटरी मारली आणि म्हणाले, "घटसर्पच आहे हो, सिस्टर. यात पाहायचंय काय?"

म्हटलं, "मग लिहा."

"मी नाही लिहिणार. लिहिलं की पाच गाड्या येतात. तुम्हाला अनुभव आहे."

"सिरम द्यायला हवं ना पण?"

"द्यायला तर हवंच. आज दिलं तर पोर वाचेल, चार दिवसांनी दिलं तर सांगता येत नाही." मग त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवर पेनिसिलिन तेवढं लिहिलं आणि हात धुतले.

मोठ्या रुग्णालयात फोन केला. तेही सिरमसाठी तुझ्याच भांडाराच्या तोंडाकडे बघतायत. भांडारपालाला फोन केला. त्याचा आवाज वाईट नव्हता. म्हणाला, "बाई, बाटल्या आहेत. पण सकारात्मक अहवालाशिवाय कुलूप काढलं तर माझी नोकरी जाईल. नाहीतर साहेबांची एक ओळ आणा."

तुझी एक ओळ. एवढंच मागतेय मी. 'तपासणीची वाट न पाहता सिरम द्यावे' आणि सही. तू डॉक्टर आहेस, निदान होतास. हे पत्र जीपच्या ड्रायव्हरबरोबर देतेय, चारपर्यंत तुझ्या टेबलावर पोचेल. तुझ्या खिडकीतून ते हिरवं दार पन्नास पावलांवर आहे. चालत जा.

ताई


१८ फेब्रुवारी, गुरुवार

साहेब,

तुझं उत्तर काल सकाळच्या जीपने मिळालं. 'अर्ज विहित नमुन्यात नसल्याने परत करण्यात येत आहे.' माझ्या पत्राच्या डोक्यावर लाल पेनाने गोल काढलाय, जिथे मी 'साहेब' लिहायला विसरले तिथे. हे तू स्वतः केलंस की सहायकाकडून करवून घेतलंस, मला माहीत नाही. दोन्हीपैकी जास्त लाजिरवाणं कुठलं ते तू ठरव.

त्याच जीपमध्ये, त्याच ड्रायव्हरच्या पायाशी, बर्फाच्या डब्यात सिरमच्या सहा बाटल्या होत्या.

कशा आल्या ते लेखी कळवते. मंगळवारी तुला पत्र पाठवलं आणि तासभर बसले. मग मनात म्हटलं, मी कुणाची वाट बघतेय? तुझी? खणातून तो तीन वर्षांपूर्वीचा अहवाल काढला, ज्याच्या जोरावर तू मला नोटीस दिलीस. 'नकारात्मक.' टाके काढायचं ब्लेड घेतलं आणि 'न' खरवडला. अलगद निघाला, तुमचा कागद चांगला असतो. तिथे 'स' लिहिला. तारीख बदलली, नाव बदललं. केंद्राच्या फोनवरून फोटो काढून भांडाराला पाठवला. दहा मिनिटांत भांडारपालाचा फोन आला, "बाई, सुटलो मी आणि तुम्हीही. सकाळच्या जीपने पाठवतो." तीन वर्षं नव्हे, आठ दिवस नव्हे, एका अक्षराचं काम होतं.

मंगळवारच्या डॉक्टरांना फोन लावला. म्हणाले, "आधी थेंबभर टोचून बघा, अंगावर उठत नाही ना ते. मग द्या. आणि मी काही सांगितलेलं नाही." थेंब टोचला, अर्धा तास तिच्या हाताकडे बघत बसले, मग सिरम दिलं. काल चार बाटल्या लागल्या. उरलेल्या दोन बेकरीवाल्याच्या नातीला दिल्या, तिचाही पडदा दिसायला लागला होता. धाकटीचा ताप आज सकाळी उतरलाय. पडदा आहे, पण पुढे सरकलेला नाही. दोन आठवडे तिला पलंगावरून हलू देणार नाही, या रोगाचं विष हृदयाला धरतं. ती चिडलीय. चिडतेय हे चांगलं लक्षण आहे.

आता दुसरी गोष्ट. हे पत्र मी दोनदा फाडलं ते याच्यासाठी.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, थोरलीला आणली तेव्हाच उशीर झाला होता. खोटं आहे ते. शिंपीण तिला बुधवारी घेऊन आली होती, सत्तावीस जानेवारीला. पोरगी चालत आली. माझ्या टेबलावरची घंटी वाजवून बघत होती. मी घशात बॅटरी मारली आणि मला पडदा दिसला. मंगळवारच्या डॉक्टरांसारखा, पहिल्या नजरेत. तेवीस वर्षं घसे बघतेय मी. आणि त्याच क्षणी पोरीच्या आधी मला तुझी खिडकी दिसली, ती नोटीस दिसली. मी शिंपिणीला म्हटलं, "घसा आलाय, गुळण्या कर." रजिस्टरमध्ये लिहिलं 'घसादुखी'. शुक्रवारी अठराव्या ओळीवर शिक्का मारला. रविवारी ती गेली.

तू मला घाबरवलंस, हे खरं आहे. पण घाबरले मी. शिक्का माझ्या हाताने पडला. गेले दहा दिवस तुझ्यावर थुंकून मी जो आनंद मिळवतेय, त्यातली निम्मी थुंकी माझ्यावरच उडायला हवी होती. मला माझी किळस येते. तुझी येतेच, ती वेगळी.

अहवाल बनावट आहे, हे तुमच्या लक्षात यायला फार तर आठवडा लागेल. मी कुठे पळत नाही.

ताई


३ मार्च, बुधवार

साहेब,

चौकशीची नोटीस पोचली. 'बनावट अहवालाद्वारे औषधसाठा मिळवल्याबद्दल.' बरोबर आहे. चौकशी अधिकारी म्हणून तू स्वतः येणार, सोमवारी, सकाळी दहाला. तेही कळलं.

काल तुझ्या सहायकाचा फोन आला होता. इतका हळू बोलत होता की मला वाटलं, त्याचाही घसा धरला. म्हणाला, "साहेबांचा निरोप आहे. ताईंनी फक्त तांत्रिक चूक झाली असं लिहून द्यायचं. जुना अहवाल चुकून गेला, एवढंच. बाकी साहेब सांभाळून घेतील."

ताई म्हणाला तो मला. म्हणजे तुझ्या शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

सांभाळून घेशील, यात मला शंका नाही. गुळगुळीत कागद करण्यात तुझा हात कुणी धरणार नाही. पण तुझ्या त्या एका ओळीचा अर्थ काय होतो, ते लिहून काढते, कारण तुला लिहिलेलंच समजतं. जुना अहवाल चुकून गेला, म्हणजे नवा रुग्ण नव्हताच. रुग्ण नव्हता, म्हणजे साथ नाही. साथ नाही, म्हणून नळ्या तिमाहीत, सिरम कुलपात आणि लस टोचणारी माणसं कधीच नाहीत. धाकटी आपोआप बरी झाली, बेकरीवाल्याची नातही आपोआप, आणि थोरली घसा दुखून मेली. घसा दुखून कुणी मरतं का रे?

मी शिंपिणीला सांगितलं. परवा तिच्या घरी गेले. खोली एकच, खिडकीखाली मशीन, मशीनवर कुणाचा तरी शाळेचा गणवेश. धाकटी पलंगावर बसून चिंध्यांचे ढीग लावत होती, रंगाप्रमाणे. मी उभ्या उभ्याच सगळं बोलले. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, मी लिहिलं नाही, माझ्या नोकरीला जपलं. मला वाटलं, ओरडेल, मारेल. तिने हातातली शिवण शेवटपर्यंत नेली, दोरा तोडला आणि म्हणाली, "मी बुधवारीच आणली होती." मी हो म्हटलं. "नाही, सगळे मला विचारतात, इतका उशीर का केलास म्हणून. सासू विचारते, शेजारचे विचारतात. मलाही वाटायला लागलं होतं, मीच उशीर केला." मग म्हणाली, "तेवढं कुठेतरी लिहा हो, सिस्टर. मी बुधवारी आणली होती, एवढं लिहा."

हे तिचं मागणं आहे. सोमवारी तू तिच्याकडे चहा घ्यायला जाणार नसशील, म्हणून इथे सांगितलं.

आता नोटिशीबद्दल. एकवीस रकाने आहेत आणि एकोणीस ठिकाणी शिक्का आहे, 'निरंक'. माझाच शिक्का. पूर्वीच्या शिक्षा, निरंक. पूर्वीची नोटीस, तीही निरंक, म्हणजे तू माझ्यासाठी तीही गिळलीस. वाचता वाचता मी अकराव्या रकान्याशी आले. 'चौकशी अधिकाऱ्याचे कर्मचाऱ्याशी नाते.' तिथे शिक्का नाही, तिथे तू पेनाने लिहिलंयस. 'निरंक.' तुझंच अक्षर. 'क'ची गाठ तू अजून उलटी मारतोस, पाटीवरही उलटीच मारायचास आणि मी फडक्याने पुसून परत गिरवून घ्यायची. त्या शब्दाच्या आधी एक अक्षर लिहून खोडलंय. उजेडाला धरून पाहिलं. 'ब' आहे.

म्हणजे लिहायला घेतलं होतंस.

मला कळतंय तू हे का केलंस. नातं लिहिलं असतं तर चौकशी दुसऱ्याकडे गेली असती आणि तुला मला सांभाळून घेता आलं नसतं. असंही असेल की तुझ्या खुर्चीला माझा डाग नको होता. बहुतेक दोन्ही असेल, तुझं नेहमी दोन्ही असतं. पण बघ, मी त्या पोरीच्या नावापुढे दिसत असलेलं लिहिलं नाही, आणि तू माझ्या नावापुढे. शिकलो आपण एकाच पाटीवर.

मला तुझं सांभाळणं नको. नोकरी जायची तर जाऊ दे.

सोबत दोन कागद जोडलेत. खाडाखोड केली की तिथे सही करावी लागते, हा नियम तुझ्याच परिपत्रकातला आहे, तो पाळलाय. पहिला कागद म्हणजे आमच्या रजिस्टरचं सत्तावीस जानेवारीचं पान. 'घसादुखी' खोडून 'घटसर्प' लिहिलंय, आणि शेरा, 'आईने बुधवारी, वेळेवर आणले. परिचारिकेने नोंद केली नाही.' खाली माझी सही आहे. ही दुरुस्ती वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीशिवाय धरली जात नाही. ती धरली की साथ जाहीर होते, नळ्या येतात, लस येते.

दुसरा कागद तुझी नोटीस. अकराव्या रकान्यातलं 'निरंक' मी खोडलंय आणि वर 'सख्खी बहीण' लिहिलंय. तिथेही माझी सही आहे.

दोन्हीकडे शेजारी तुझ्या सहीपुरती जागा सोडलीय. सोमवारी येताना शिक्का आणू नकोस, पेन आण.

ताई